ताट पुढे गेलं

भाकरीचं ताट अंशुमनच्या हातात आलं. त्यानं ते क्षणभर धरलं आणि एकही तुकडा न उचलता पुढच्या माणसाकडे दिलं. झालं एवढंच. पण मकासऱ्यांच्या चार पिढ्यांत असं कधी झालं नव्हतं.

मकासऱ्यांच्या घरात सांगतात ते सगळं खरं धरायचं, तर अंशुमनचे खापरपणजोबा नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यात प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरस घ्यायला, बसले होते तेव्हा चर्चच्या दारात बिबट्या येऊन बसला होता. कुणी हललं नाही. ताट फिरलं, प्याले फिरले, शेवटचं गीत झालं, आणि पाळकांनी आशीर्वाद दिल्यावर बिबट्याही उठून गेला. पणजोबांचा जबडा निखळला होता त्या रविवारी त्यांनी तुकडा बोटानं आत ढकलला आणि तो विरघळेपर्यंत दोन तास बाकावरून उठले नाहीत. आजोबा दिल्लीला नोकरीवर आले त्या साली एकशे पाच ताप अंगात घेऊन लक्ष्मीबाई नगरच्या क्वार्टरमधून चर्चपर्यंत चालत गेले. ताप एकशे तीन होता असं एक पक्ष म्हणतो, पण चालत गेले यावर एकमत आहे. आणि त्यांचा हा नातू, वय पस्तीस, गुरुग्रामला आयटीत नोकरी आणि घर, अंगात ताप नाही, दारात बिबट्या नाही, सरळ ताट पुढे देतो.

दिल्लीतल्या मराठी मंडळीला, म्हणजे मराठी ख्रिस्ती समाजाला, स्वतःचं चर्च नाही. हिंदी आणि इंग्रजी उपासना आटोपल्या की महिन्यातून एकदा, साडेअकराला, उसनं चर्च मिळतं. प्रभुभोजन वर्षातून चारदाच. ताट बाकांवरून हातोहात फिरतं, त्यामुळे कुणी घेतलं नाही ते सगळ्यांना दिसतं. न घेणाऱ्याला कुणी तोंडावर विचारत नाही, तशी रीत नाही. मनात काही सलत असेल तर घेऊ नये, एवढंच ठरलेलं. काय सलतंय ते बाकीच्यांनी आपापल्या घरी जाऊन ठरवायचं. शेवटच्या गीताचं तिसरं कडवं सुरू व्हायच्या आत ही बातमी मागच्या बाकावर गेली होती आणि चौथ्या कडव्याला ती फरिदाबादला पोचली, असं म्हणतात.

त्यात दिवस असा, की दुपारी चार वाजता पाळकसाहेब घरी येणार होते. अंशुमनला मंडळीचा 'वडील' करायचं चाललं होतं. मंडळीचा कारभार पाहणारे, ताट फिरवणारे असे पाच वडील असतात, आणि मकासऱ्यांच्या घरातला त्यांत एक असतोच. त्याचा होकार घ्यायला ते येणार होते.

मयूर विहारला आईवडिलांच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराचं दार अंशुमनच्या आईनं, वासंतीबाईंनी, पायानं लोटून घेतलं. आत सून होती, आणि मटणाचं पातेलं.

"तू त्याला काही बोललीस का?"

"कशाबद्दल, आई?" नीरजा काकडी चोचवत होती. तिचा हात थांबला नाही.

"सोड म्हणालीस का त्याला? चर्च, हे सगळं?"

"मी? मी का सांगू?"

"तू घेत नाहीस ना ताटातलं."

"माझा बाप्तिस्मा झालेला नाही. लग्नाच्या वेळी तुम्हीच म्हणालात, जबरदस्ती नाही. सहा वर्षं ताट माझ्यासमोरून जातंय. मी पुढे देते. मला कधी कुणी विचारलं नाही की नीरजा, तुझ्या मनात काय सलतंय."

"तुझं वेगळं."

"हो, माझं वेगळंच असतं," नीरजा म्हणाली आणि काकडी नको तेवढी बारीक व्हायला लागली.

वासंतीबाईंना खरं म्हणजे सून आवडत होती. पुण्याची, कुलकर्ण्यांची मुलगी, मुनिरकातल्या एका खोलीत मैत्रिणीबरोबर राहून पीएच.डी. केलेली, आणि रविवारी नवऱ्याशेजारी बाकावर बसणारी. पण आज कुणावर तरी ढकलणं भाग होतं. नाहीतर प्रश्न मुलावर येत होता, आणि मुलावर आलेला प्रश्न आईकडे यायला वेळ लागत नाही.

नीरजाच्या मनात मात्र दुसरंच होतं. गेले सात-आठ महिने अंशुमन फोन घेऊन बाथरूममध्ये जायचा तो अर्धा-अर्धा तास. फोन उलटा ठेवायचा. पासवर्ड दोनदा बदलला होता. ताट त्याच्या हातात थांबलं त्या क्षणी तिनं मनात म्हटलं होतं, बाई आहे. ऑफिसातली. आणि आज तिनं त्याला सांगितलंय की माझ्याशी लग्न कर, नाहीतर सोड.

बेल वाजली.

दारात दिनकरकाका उभे होते. अंशुमनच्या वडिलांचे, भालचंद्ररावांचे, धाकटे भाऊ. द्वारकेहून मयूर विहार मेट्रोनं सव्वा तास, आणि दिनकररावांना तेवढं अंतर कापायला नऊ वर्षं लागली होती.

भांडण त्यांच्या वडिलांच्या थडग्याचं. शिळेवर मराठी लिहायचं असं थोरल्याचं म्हणणं, इंग्रजी लिहायचं असं धाकट्याचं. चर्चा वर्षभर चालली. शेवटी भालचंद्ररावांनी डोक्याशी मराठी शिळा लावली आणि पंधरा दिवसांनी दिनकररावांनी पायाशी इंग्रजी. अनोळखी माणसाला वाटतं, तिथं दोघे जण पायाला पाय लावून पुरलेत. तेव्हापासून दोघे भाऊ एकाच चर्चमध्ये, एक उजव्या बाजूला आणि एक डाव्या, आणि बोलणं बंद.

दिनकररावांच्या मागे कुमुदिनी अक्का होत्या. दोघांची थोरली बहीण, सत्तर पार, हिंदूराव हॉस्पिटलच्या बाजूला, रिजच्या जंगलालगत एकट्या राहणाऱ्या रिटायर्ड मेट्रन. त्यांच्या गच्चीवर माकडं रांगेत उभी राहतात, असं त्यांचंच सांगणं.

"वहिनी, आत येऊ का?" दिनकररावांनी विचारलं.

वासंतीबाईंच्या हातातला झारा तसाच हवेत राहिला. "या की. विचारता काय?"

भालचंद्रराव खुर्चीत बसले होते. उठले नाहीत. टीव्ही बंद होता, रिमोट मुठीत.

"दादा," दिनकरराव म्हणाले आणि थांबले. मेट्रोत त्यांनी बरंच जुळवलं होतं, ते सगळं जिन्यातच गळून पडलं असावं. "दादा, पोरानं आपल्यासाठी ताट सोडलं."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? मी समोरच्या बाजूनं बघत होतो. ताट त्याच्याकडे आलं तेव्हा त्यानं आधी तुझ्याकडे बघितलं, मग माझ्याकडे."

अंशुमननं ताट येईपर्यंत घड्याळाकडे बघितलं होतं. घड्याळ काकांच्या डोक्यावरच्या भिंतीवर होतं.

"भावाशी वाकडं असेल तर आधी समेट करा आणि मग वेदीजवळ या, हे आपण लहानपणापासून ऐकतोय," दिनकरराव म्हणाले. "आणि तू आणि मी? नऊ वर्षं काय केलं? पोराला वडील व्हायचंय. तो कुठल्या तोंडानं ताट फिरवणार? बाप इकडे, काका तिकडे!"

"काका, तसं नाहीये—" अंशुमन म्हणाला.

"तू गप. तू जे करायचं ते केलंस."

भालचंद्ररावांच्या हातातला रिमोट गुडघ्यावर आपटत होता. सकाळपासून त्यांच्या मनात हेच होतं. ताट पुढे गेलं तेव्हा त्यांना वाटलं, हा मला सगळ्यांसमोर सांगतोय. राग आला होता. रागाच्या खाली जे होतं त्याला ते दुपारपर्यंत दाबून बसले होते.

"इंग्रजी शिळा," ते म्हणाले, "वाईट नाही. अक्षरं चांगली कोरलीत."

एवढं पुरलं. दिनकरराव खाली वाकून थोरल्याच्या पायांशी बसले, थोरल्यानं त्यांना उठवायचा प्रयत्न केला, आणि दोन साठीपुढचे गृहस्थ सोफा आणि टीपॉय यांच्यामध्ये अडकून रडायला लागले. वासंतीबाई रडल्या. नंतर शेजाऱ्यांचं म्हणणं, आवाज तीन मजले खाली ऐकू आला.

"नीरजा," वासंतीबाई डोळे पुसत सुनेला म्हणाल्या, "बाळा, मी काय काय बोलले तुला. आणि मनात काय होतं बघ माझ्या पोराच्या!" त्यांनी तिला जवळ घेतलं. नीरजा काकडीचा हात दूर धरून उभी राहिली.

फक्त कुमुदिनी अक्का रडत नव्हत्या. त्या भाच्याकडे बघत होत्या. चाळीस वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईला, कोण दुखतंय म्हणून कण्हतो आणि कोण दुखतंय म्हणून गप्प राहतो, ते कळतं. अंशुमनच्या चेहऱ्याचा रंग उडत चालला होता.

जेवणं झाली. काय जेवलो ते कुणाला आठवलं नाही, फक्त दिनकररावांनी तीनदा रस्सा घेतला हे सगळ्यांना आठवलं. तीन वाजता अंशुमननं वडिलांना पॅसेजमध्ये गाठलं.

"पप्पा, एक मिनिट. ते ताटाचं. काका समजतायत तसं नाहीये."

भालचंद्ररावांनी हॉलकडे पाहिलं. धाकटा भाऊ त्यांच्या खुर्चीत बसून, पाय लांब करून, अक्काला काहीतरी सांगत होता. नऊ वर्षांपूर्वी तो तसाच बसायचा.

"मग कसं आहे?"

"माझं स्वतःचं काहीतरी आहे. बरीच वर्षं—"

"थांब." भालचंद्ररावांनी हात वर केला. "काय असेल ते असेल. मला आज सांगू नकोस."

"पाळकसाहेब येतील ना चारला. मी हो म्हणू का? असं?"

"हो म्हण. आणि तुझं जे काय आहे ते देवाशी बोल. तो ऐकतो. त्याला पाहुण्यांसमोर सांगावं लागत नाही." ते एक पाऊल गेले, परत आले. "अंशू, हा माणूस नऊ वर्षांनी आलाय. त्याला परत पाठवू नकोस. प्लीज."

बापानं मुलाला प्लीज म्हटल्याची ही मकासऱ्यांच्या घरातली पहिलीच खेप.

अंशुमन बाल्कनीत गेला. फेब्रुवारीचं ऊन होतं, धुरकट पण ऊब देणारं. मागोमाग नीरजा आली आणि तिनं काचेचं दार सरकवून लावलं. काचेपलीकडे दोघे भाऊ हसत होते, त्यांचं हसणं दिसत होतं, ऐकू येत नव्हतं.

"नाव काय तिचं?"

"कुणाचं?"

"अंशुमन, मी मूर्ख नाहीये. काकांची स्टोरी काकांना आवडली, ठीक. मला सांग."

"बाई नाहीये, नीरजा."

"यार, खोटं नको बोलूस. निदान आज नको."

"नाहीये खरंच." त्यानं कठड्यावर दोन्ही हात ठेवले. दिल्लीत वाढलेल्या मुलाला कितीतरी गोष्टींना मराठी शब्द माहीत नव्हते, पण या गोष्टीला तर घरात कुठल्याच भाषेत शब्द नव्हता. "फोनवर. व्हिडिओज. ते... गंदे वाले."

नीरजानं काचेचं दार नीट लागलंय का ते पाहिलं.

"सोळा वर्षांचा होतो तेव्हापासून. लग्न झालं की सुटेल असं वाटलं होतं. नाही सुटलं. लत आहे. डिलीट करतो, चार दिवस, आठ दिवस, परत."

"रोज?"

"जवळजवळ."

"आणि ताट?"

"तेच सांगतोय. प्रभुभोजनाच्या आधी तीन दिवस मी एकदम बंद करतो. गुरुवारपासून. प्रार्थना, बायबल वाचणं, फोन ड्रॉवरमध्ये. रविवारी स्वच्छ होऊन जातो, तुकडा घेतो, रडतो, शपथ घेतो. आणि रविवारी संध्याकाळी..." त्यानं बोटानं कठड्यावरची धूळ पुसली. "वर्षातून चारदा. मला वाटायचं, हाच पश्चात्ताप. या वेळी गुरुवारी नाही जमलं, शुक्रवारी नाही, आणि आज सकाळी चर्चला निघायच्या आधी सुद्धा. तू साडी नेसत होतीस तेव्हा. ताट हातात आलं आणि मला कळलं की मी तीन दिवस फक्त आंघोळ करतो. बाकी सगळं तसंच असतं."

खाली कुणीतरी गाडी मागे घेत होतं आणि दुसरा त्याला ओरडून वाट दाखवत होता.

"बाई असती तर," नीरजा म्हणाली, "निदान तिच्याशी जाऊन भांडले असते. आता कुणाशी भांडू? सहा वर्षं मी आरशासमोर उभी राहून विचार करतेय की माझ्यात काय कमी आहे. तू 'दमलोय' म्हणून कूस बदलायचास, आणि मी तुझ्यासाठी अश्वगंधा आणायचे. अश्वगंधा!" ती हसली, आणि ते हसणं तिला स्वतःलाच आवडलं नाही. "मी कुठे होते रे या सगळ्यात?"

"तुझी काही चूक—"

"माझी चूक नाही ते मला माहितीये. ते तू मला नको सांगूस."

"सॉरी."

"आत्ता नको. आत्ता मला तुझं सॉरी ठेवायला जागा नाही." तिनं काचेतून आत पाहिलं. "पण ते आत बसलेत ना, ते तुला संत करतायत. आई मघाशी मला मिठी मारून रडल्या. तू तिथं उभा होतास. काहीच बोलला नाहीस."

"बोललो असतो तर काका परत गेले असते."

"बिल्कुल गेले असते. मग?"

"पप्पा म्हणाले, देवाशी बोल."

"देवाशी एकोणीस वर्षं बोलतोयस ना? एकटाच? बाथरूममध्ये?" नीरजानं दार सरकवलं. "तुझा देव तू बघ. मी बाप्तिस्मा न झालेली बाई. पण मला असल्या घरात राहायचं नाही जिथं माझा नवरा आता खोटं बोलून मोठा माणूस होणार."

ती आत गेली. आणि पाळकसाहेब दहा मिनिटं आधीच आले.

पाळकसाहेब मोठे उत्साही गृहस्थ. घाम पुसत 'सलाम, सलाम' करत आले आणि दोन्ही मकासरे बंधू एकाच सोफ्यावर पाहून दारातच थबकले. मग दिनकररावांनी त्यांना सगळं सांगितलं, आणि दुपारभरात गोष्ट चांगली वाढली होती. आता अंशुमननं ताट धरलं तेव्हा त्याचे हात थरथरत होते. आता त्यानं दोन्ही बाजूंना पाहून मान हलवली होती. डोळ्यांत पाणीही आलं होतं.

"धन्य!" पाळकसाहेब म्हणाले. "भालचंद्रराव, हे मी पुढच्या उपासनेत सांगणार. नुसतं सांगणार नाही, मंडळीच्या मासिकात छापणार. असा तरुण वडील मिळणं म्हणजे... अंशुमन, ये, इथं बस. तू फक्त हो म्हण."

वासंतीबाईंनी चहाचा ट्रे ठेवला. अंशुमन बसला नाही. भालचंद्रराव त्याच्याकडे एकटक बघत होते, आणि मान जेमतेम दिसेल इतकीच आडवी हलवत होते. नको. नको.

"ते खरं नाही, पाळकसाहेब."

"काय खरं नाही?"

"मी काकांसाठी ताट नाही सोडलं. मी त्या वेळी घड्याळाकडे बघत होतो." त्यानं खुर्चीची पाठ धरली. "मी फोनवर अश्लील व्हिडिओ बघतो. एकोणीस वर्षं. आज सकाळी सुद्धा बघितले. म्हणून नाही घेतलं."

चहाच्या कपांतून वाफ वर जात होती.

"काय बघतो?" वासंतीबाईंनी विचारलं. ऐकू आलं होतं त्यांना.

"वासंती, साखर आण," भालचंद्रराव म्हणाले.

"साखर घातलीय."

"मग बिस्किटं आण!"

त्या हलल्या नाहीत. त्या सुनेकडे बघत होत्या, आणि सुनेच्या चेहऱ्यावर त्यांना दिसलं की हिला आधीच माहीत आहे, आणि फार आधी नाही. सकाळी पोराची बाजू घ्यायला कारण लागलं नव्हतं. आता त्या सोफ्याला वळसा घालून नीरजाशेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तिला हात लावला नाही. नुसत्या उभ्या राहिल्या.

"म्हणजे," दिनकरराव हळूहळू म्हणाले, "आमच्यासाठी नव्हतं?"

"नाही, काका."

"मी नऊ वर्षांनी आलो. पायाशी बसलो मी याच्या."

"दिनू—" भालचंद्रराव म्हणाले.

"तुला माहीत होतं?"

भालचंद्ररावांनी नजर चहाच्या ट्रेकडे वळवली.

दिनकरराव उठले आणि बुटांकडे निघाले. भालचंद्ररावांनी भावाच्या पाठीकडे पाहिलं आणि त्यांचा दिवसभराचा राग मुलावर कोसळला. "समाधान झालं? तोंड मिटून बसता येत नव्हतं? एवढी घाण करायला लाज वाटली नाही, ती बोलायला तरी वाटायची होती! तुझ्या आजोबांनी एकशे पाच तापात—"

"एकशे दोन होता," कुमुदिनी अक्का म्हणाल्या.

सगळे वळले.

"एकशे दोन. मीच मोजला होता. आणि चालत नाही, टांग्यानं गेले. बस, दिनकर. बुटात पाय घातलास तर याद राख." त्यांनी हातातला रुमाल चार वेळा घडी केला. "मी आज मेट्रोत बसून अख्खं भाषण तयार करून आले होते. मला वाटलं, पोरानं माझ्यामुळे ताट सोडलं. शिळेच्या वेळी याचं त्याला आणि त्याचं याला मीच सांगत होते. थोडं मीठ लावून. 'दादा म्हणतो, दिनूला मराठी वाचता येत नाही म्हणून इंग्रजी पाहिजे.' असं भालचंद्र बोललाच नव्हता. तुम्ही दोघं तेव्हा आठवड्याला यायचात माझ्याकडे, एकमेकांच्या तक्रारी घेऊन. घरात माणसं असायची." त्यांनी रुमालाची घडी उलगडली. "तुम्ही दोघं गळ्यात पडलात तेव्हा वाटलं, सुटले. आता सांगायची गरज नाही. आणि मग हा पोरगा उभा राहून बोलला."

"अक्का, तू?" दिनकरराव म्हणाले. एक बूट पायात, एक हातात.

"नऊ वर्षं?" भालचंद्रराव म्हणाले.

"आणि मराठी वाचता येत नाही? मला? मी शाळेत पहिला होतो!"

"मी असं म्हणालोच नव्हतो, दिनू! मी म्हणालो होतो—"

"ती इंग्रजीबद्दल तुला काय म्हणाली?"

"की तुला माझी लाज वाटते."

दोघे भाऊ बहिणीसमोर खांद्याला खांदा लावून उभे राहिले आणि तिच्यावर तुटून पडले. अक्कांनी ते सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं. गच्चीवरच्या माकडांना रांगेत उभं करणारी बाई त्या दिवशी भावांपुढे स्वतःच रांगेत उभी होती.

त्या गोंधळात पाळकसाहेब उठून अंशुमनजवळ आले. मघाचा उत्साह गेला होता, आणि त्याशिवाय ते बरेच वेगळे, थकलेले आणि समजूतदार दिसत होते.

"वडीलपदाचं आता नाही जमणार."

"माहितीये."

"ते सोपं काम होतं. हे अवघड आहे." त्यांनी आवाज खाली आणला. "शपथ घेऊ नकोस. शपथा तू भरपूर घेतल्यास. आठवड्यातून एकदा कुणाला तरी समोर बसून सांगायचं, काय झालं ते. मेसेज चालणार नाही. मला सांग, नाहीतर दुसऱ्या कुणाला. पण बायकोला पहारेकरी करू नकोस. आणि यातल्या जाणकार डॉक्टरकडेही जायचं. मी पत्ता देतो."

"मला सांगेल तो," दिनकरराव भांडणातून मान वळवून म्हणाले.

"तुम्हाला?"

"नऊ वर्षं सख्ख्या भावाशी बोललो नाही, आणि तेवढ्यात छत्तीस वेळा ताटातला तुकडा उचलला. एकदाही हात अडखळला नाही. माझ्यापुढे याला कसली लाज?" आणि परत वळून, "हां, अक्का, तर मला सांग, कुठल्या तारखेला दादा असं म्हणाला?"

अंशुमननं आजूबाजूला पाहिलं. नीरजा हॉलमध्ये नव्हती. वासंतीबाई एकट्याच होत्या, आणि त्यांनी नुसती दाराकडे मान केली.

ती लिफ्टपाशी उभी होती, खांद्याला पर्स.

"मुनिरकाला चाललेय. अबोली अजून त्याच खोलीत आहे. किती दिवस ते माहीत नाही. विचारू नकोस."

"नाही विचारत."

"बोललास आत. ऐकलं मी."

त्यानं मान हलवली. लिफ्ट वर येत होती, तिसरा, चौथा.

"एक सांग मला." ती त्याच्याकडे न बघता बोलत होती. "मी आता गेले. घर रिकामं. तू गुरुग्रामला परत गेलास. आज, आत्ता एवढं सगळं झाल्यावर, रडून बिडून. वाटेल तुला बघावंसं?"

नाही, असं उत्तर तयार होतं. एकोणीस वर्षांत ते उत्तर इतकं गुळगुळीत झालं होतं की जिभेवर आपोआप आलं. आणि या बाईला आज तेवढं तरी देणं त्याच्या हातात होतं.

"हो," तो म्हणाला. "वाटेल. आत्ता सुद्धा वाटतंय."

लिफ्टचं दार उघडलं. नीरजा आत गेली, बटण दाबलं, आणि दार मिटायला लागलं तसं तिनं हात घालून ते अडवलं. तिचे डोळे भरले होते, पण सकाळपासून पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"मग आज एकटा राहू नकोस," ती म्हणाली आणि हात काढून घेतला.

खाली जाणारे आकडे शून्यावर पोचेपर्यंत तो तिथं उभा राहिला. मग आत आला. बहीण-भाऊ तिघंही अजून उभेच होते, आता टांगा होता की नव्हता यावर आले होते.

"काका," तो म्हणाला, "तुम्ही निघाल तेव्हा मीही येतो."

"कुठे? मेट्रोपर्यंत?"

"द्वारकेला. आज तिथंच राहतो. चालेल?"

दिनकररावांनी हातातल्या बुटाकडे पाहिलं, मग पुतण्याकडे. "सोफ्यावर झोपावं लागेल. आणि मी घोरतो."

"चालेल."

"फोन माझ्या उशाशी."

अंशुमननं खिशातून फोन काढला, धरला, आणि काकांच्या मोकळ्या हातात दिला.